थोरलं कार्ड, धाकटं कार्ड

नंदुरबारमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला सगळ्यात आधी शिंका आवरायला शिकावं लागतं. मिरची मार्केटमधल्या एखाद्या गाळ्यातून मशीन आलं की ते दुकानात उघडायचं नाही, हा माझा पहिला नियम. मागच्या बोळात न्यायचं, तोंडाला रुमाल बांधायचा, वारा कुठून येतोय ते पाहायचं आणि मग ब्लोअर मारायचा. तरीही बोळातल्या शिंप्याचं मशीन थांबतं आणि त्याच्या शिंकांच्या मधेमधे माझ्या कुळाचा उद्धार ऐकू येतो. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

आता दुकानात मी अर्धा दिवसच बसतो. विक्री ऑनलाइनवाल्यांनी नेली, बरीचशी दुरुस्ती मोबाइलनं संपवली. माझ्याकडे उरला तो सल्ला, आणि सल्ल्याला आपल्याकडे चहापलीकडे काही द्यायची पद्धत नाही. चहा पीत पीत मी सगळ्यात जास्त सल्ला दिलाय तो ग्राफिक्स कार्डाबद्दल. गिऱ्हाईक येतं तेच मुळी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून, आणि आल्या आल्या मलाच शिकवायला लागतं. मी ऐकून घेतो. शेवटी विचारतो, "घरी लाइट कशी आहे?" तिथे बहुतेकांचं घोडं अडतं, कारण व्हिडिओवाल्याच्या घरची लाइट कधी जात नाही.

ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॉम्प्युटरचा मुख्य मेंदू हा एखाद्या हुशार मुनीमासारखा असतो. अवघड काम दिलं तरी करतो, पण एकामागून एक. चित्रं आणि व्हिडिओ ही कामं तशी अवघड नसतात, अफाट असतात. त्याला मुनीम उपयोगाचा नाही. त्याला मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला बसलेल्या बायांसारखी टोळी लागते, प्रत्येकीचं काम साधं, पण सगळ्यांचे हात एकाच वेळी चालतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ही टोळी. टोळी जेवढी मोठी तेवढं काम लवकर, आणि तेवढ्या भाकरीही जास्त. कार्डाची भाकर म्हणजे वीज.

खापरचा एक फोटोवाला एकदा तावातावानं दुकानात आला होता. "भाऊ, तुम्हनं कार्ड खोटं शे. टाकं तधयपाईन काहीच फरक नही!" मी त्याच्या गावी गेलो. स्क्रीनची वायर त्यानं कार्डाला न लावता जुन्याच जागी लावलेली होती. म्हणजे टोळी आणून पथारीवर बसवली होती आणि मिरचीची गाडी भलत्याच खळ्यात रिकामी होत होती. मी वायर काढून योग्य जागी लावली, तर तो म्हणाला, "हाई पहिलेच सांगता नही येत का?" त्या दिवसापासून मी प्रत्येक कार्डाच्या भोकावर लाल टिकली लावून देतो. बायको विचारते, टिकल्या संपतात कशा.

आमच्याकडे बैल घेताना जुपून पाहतात. बाजारात बैल कसाही तेजदार दिसो, घरी न्यायचा, आपल्या शेतात, आपल्या वखराला जुपायचा, दोन दिवस चालवायचा आणि मग सौदा पक्का करायचा. माझे वडील असेच बैल घ्यायचे. मी शेती सोडली, पण ती रीत सोडली नाही. मोठं कार्ड घेणाऱ्याला मी म्हणतो, आधी घरी जुपून पाहा, तुझ्या लाइटवर चालव, पटलं तर ठेव. ह्यात माझं नुकसान झालंय, आणि लोक मला भोळा म्हणतात. मात्र ज्या एका कामाबद्दल आज लिहायला बसलोय, ते ह्या रीतीमुळेच उजेडात आलं.

प्रकाशा ह्या गावच्या वैशाली आणि किशोर ह्या नवरा-बायकोचा लग्नाच्या व्हिडिओंचा धंदा आहे. घर गुजर पाटलांचं, केळी आणि ऊस करणारं. शेती वेगळा राहणारा मोठा भाऊ पाहतो आणि किशोर कॅमेरा घेऊन गावोगाव फिरतो. शूटिंग त्याचं आणि मिक्सिंग वैशालीचं. मिक्सिंग म्हणजे दिवसभराच्या चित्रीकरणातून निवडून, जोडून, रंग सुधारून, गाणी लावून फिल्म तयार करायची. ते काम तिच्या हाताचं आहे. शहाद्यापासून तळोद्यापर्यंत लोक "वैशालीताईंकडूनच करून घ्या" म्हणतात. नवरीची आई कुठे रडली आणि कुठे रडू आवरून हसली, हे तिला बरोबर सापडतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे तिचे सासरे, आप्पा. आप्पांची फुप्फुसं थकलेली. डॉक्टरांनी त्यांना ऑक्सिजनचं मशीन दिलं होतं, खोलीतली हवा ओढून त्यातला ऑक्सिजन नळीनं नाकाशी पोचवणारं. ते दिवसाचा बराचसा वेळ लावून ठेवायचं, असं बजावलेलं. मशीन विजेवर चालतं, म्हणून घरात इन्व्हर्टर आला. त्याच इन्व्हर्टरवर वैशालीचा कॉम्प्युटरही होता, कारण लग्नसराई भर उन्हाळ्यात येते आणि उन्हाळ्यात प्रकाशाची लाइट पाहुण्यासारखी वागते.

दोघं माझ्याकडे आले तेव्हा वैशालीचं जुनं कार्ड जळालं होतं. मी टेबलावर दोन कार्डं ठेवली. एक तीन पंख्यांचं, विटेएवढं जड. दुसरं एका पंख्याचं, हातात मावणारं. कंपन्यांनी दिलेली त्यांची नावं म्हणजे नुसते आकडे, म्हणून मी त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणतो.

दोघांची कसोटी मी एकाच फिल्मवर घेतली, वैशालीनंच आणलेल्या एका लग्नाच्या. भिंत आणि कॉम्प्युटर ह्यांच्यामध्ये मीटर लावलं, म्हणजे कोण किती वीज खातं ते समोर दिसतं. धाकट्यानं फिल्म बाहेर काढेपर्यंत, म्हणजे तिची तयार फाइल बनवेपर्यंत, आमचा चहा झाला, गप्पा झाल्या, किशोर बाजारात जाऊन आला. थोरल्यानं तीच फिल्म चहा निवायच्या आत काढली. किशोर मीटरकडे बघत होता. थोरलं चालताना आकडा धाकट्याच्या दुपटीकडे गेला होता.

"लाइटबिल कोन भरी मंग?" तो म्हणाला.

"आते बी मीच भरस ना!" वैशाली म्हणाली.

मी मध्ये पडलो. हा घोळ सगळ्यांचाच होतो. थोरलं दुप्पट वीज ओढतं हे खरं, पण ते काम निम्म्याहून कमी वेळात संपवून गप्प बसतं. फिल्म पुरी झाल्यावर मीटरवरचे युनिट पाहिले तर दोघांचे जवळपास सारखेच होते, उलट थोरल्याचे थोडे कमीच. किशोरला मी विहिरीवरच्या मोटरचं उदाहरण दिलं. मोठी मोटर शेत लवकर भिजवते, लहान मोटर सावकाश. पाणी तेवढंच, बिलही साधारण तेवढंच. फरक एवढाच की मोठी मोटर सुरू केली की त्या क्षणी वायरीला आणि डीपीला ते झेपलं पाहिजे.

"म्हणून प्रश्न बिलाचा नाही," मी म्हटलं. "प्रश्न इन्व्हर्टरचा आहे. लाइट गेली की आप्पांचं मशीन, थोरलं कार्ड, पंखा, हे सगळं त्याला एकदम ओढावं लागेल. त्याला ते झेपणार नाही. धाकटं असेल तर झेपेल."

वैशालीचा चेहरा पडला. तिचंही चुकत नव्हतं. एकेका लग्नाच्या मागे ती पाठ मोडून बसत होती, आणि तिचं निम्मं आयुष्य पडद्यावरची पट्टी पुढे सरकायची वाट बघण्यात जात होतं. थोरलं कार्ड म्हणजे तिला रोजची मोकळी संध्याकाळ होती. ती म्हणाली, "भाऊ, जुपीसन दखू द्या ना. तुम्हीच ते म्हंतस."

माझ्याच रीतीत मी अडकलो. थोरलं तिला दिलं आणि बजावलं, इन्व्हर्टर बसायला लागला, म्हणजे भार न झेपून बंद पडायला लागला, तर लगेच परत आणायचं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "भाऊ, तुम्हनं गणित चुकनं! पहिला दिन एकदाव बंद पडनं, मंग एकदाव बी नही. रोज दुपारले लाइट जास, तरी बी मस्त चाली ऱ्हायनं. कार्ड मी ठी लेस."

ऑक्सिजनच्या मशीनला काही त्रास होतो का, विचारलं. "काहीच नही. आप्पा खुश शेतस," ती म्हणाली.

खरं तर मी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण माझा स्वभाव तसा नाही. माझी बेरीज चुकली म्हटल्यावर माझं जेवण गोड लागेना. इन्व्हर्टरचा आकडा मी पाहिला होता, मशीनचा पाहिला होता, कार्डाचा तर स्वतः मोजला होता. बेरीज काही केल्या इन्व्हर्टरात बसत नव्हती. मग तो चालतो कसा? दुसऱ्या दिवशी मी चिमटा-मीटर पिशवीत टाकलं आणि प्रकाशाची बस धरली. हे मीटर वायरीला चिमट्यासारखं लावायचं, म्हणजे त्या वायरीतून किती वीज चाललीय ते कळतं.

इन्व्हर्टर ओसरीत होता, आप्पांच्या खोलीच्या दाराला लागून. खोलीत आप्पा पलंगावर उशाला टेकून बसले होते, नाकाला नळी, बाजूला मशीनची संथ घरघर. रुंद हाडाचा माणूस, एके काळी केळीचे घड दोन्ही खांद्यांवर वाहिलेला. आता बोलताना दोन वाक्यांच्या मध्ये थांबायचे. मला पाहून त्यांनी हात वर केला. वैशाली आतल्या खोलीत होती, कानाला मोठे हेडफोन लावून. मिक्सिंग करताना ते लागतातच, त्याशिवाय सनईत आणि बेंजोत कुठे खरखर आहे ते कळत नाही.

मी तिला म्हटलं, "फिल्म बाहेर काढायला लाव. मी इकडून मेन स्विच पाडतो."

तिनं काम लावलं, हेडफोन चढवले. मी चिमटा वायरीला लावला आणि मेन स्विच खाली ओढला. पंखे क्षणभर मंदावले, इन्व्हर्टरनं भार उचलला. मीटरचा आकडा चढत गेला, मी म्हटलं होतं तिथपर्यंत आणि त्याच्याही वर. इन्व्हर्टर कोकलायला लागला, टूं टूं टूं. हा त्याचा शेवटचा इशारा असतो. त्यानंतर तो सगळंच बंद करतो. मी मनात म्हटलं, माझं गणित बरोबर होतं!

तेवढ्यात आकडा धाडकन खाली आला. इन्व्हर्टर गप्प झाला. आतून वैशालीची हाक आली, "दखा भाऊ! चाली ऱ्हायनं ना?"

कॉम्प्युटर चालत होता. पंखा चालत होता. मग घटलं ते काय? मी कान दिला, तर घरात कसली तरी शांतता होती जी आधी नव्हती. मी आप्पांच्या खोलीत डोकावलो. नळी त्यांच्या नाकाला तशीच होती आणि हात मशीनच्या बटनावर होता. मशीन बंद होतं.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी जवळ गेलो. ते हळूच म्हणाले, "इन्व्हर्टर बोंबलस ना, मंग तिनं काम बंद पडी जास. पहिला दिन पडनं, तं रडकुंडीले ई गयी ती." मग थांबून श्वास घेतला. "माले काय, थोडा येळ चालस इना बिगर. लाइट उनी का चालू करी लेस मी."

मी त्यांच्या ओठांकडे पाहत होतो. त्यांचा रंग बदलायला लागला होता. प्रत्येक श्वासाला खांदे वर येत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, देवाशपथ सांगतो, लबाडी पचल्याचं समाधान होतं. रोज दुपारी लाइट गेली की हा माणूस असाच बसत होता. हेडफोनमुळे सुनेला ना इन्व्हर्टरचा ओरडा ऐकू येत होता, ना मशीनचं थांबणं.

"नको सांगू तिले," ते म्हणाले.

वयानं आणि मानानं मोठा माणूस, माझ्याकडे एक गोष्ट मागत होता. मी ती दिली नाही. आधी जाऊन मेन स्विच वर केला, मशीनचं बटन दाबलं आणि मग मोठ्यानं हाक मारली, "वैशाली! हेडफोन काढ आणि इकडे ये."

ती आली. मी मीटर दाखवून काय झालं ते सांगितलं. तिनं एकदा आप्पांकडे पाहिलं, एकदा बटनाकडे. कपाटातून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं, बोटाला लावायचं यंत्र काढलं आणि आप्पांच्या बोटाला लावलं. आकडा नको तितका खाली होता. तो चढून जागेवर येईपर्यंत ती पलंगाजवळ जमिनीवर बसून राहिली, त्यांचं बोट हातात धरून.

"कधयपाईन करी ऱ्हायनात तुम्ही हाई, आप्पा?"

आप्पा छताकडे पाहत म्हणाले, "तिले कामवरतीन कसाले उठाडानं?" जणू ते दुसऱ्याच कोणाच्या सुनेबद्दल बोलत होते.

मग ती रडली. मीही ओसरीत जाऊन उगाच चिमटा-मीटर पुसत बसलो. किशोर घरी आला तेव्हा त्याला सांगण्याचं काम माझ्यावरच आलं.

थोरलं कार्ड ठेवण्याचा एक मार्ग होता, आणि कारागीर म्हणून मला तो सांगावाच लागला. कार्डाला लगाम घालता येतो. कॉम्प्युटरमध्ये सांगून ठेवायचं की एवढ्यापेक्षा जास्त वीज ओढायची नाही. मी करून पाहिलंय, वीज बरीच कमी होते आणि वेग त्या मानानं थोडाच उतरतो. ह्या धंद्यातली ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. बैल दौडवण्यापेक्षा बेतानं चालवला तर दिवसाअखेर नांगरट तेवढीच होते.

वैशालीनं विचारलं, "तो लगाम आपोआप निंघी जास का कधी?"

खोटं बोलवेना. कार्डाचा प्रोग्रॅम नवीन झाला की कधी कधी तो निघून जातो, मी म्हटलं.

"मंग काढा ते कार्ड," ती म्हणाली. मी त्याच दुपारी थोरलं काढलं आणि पुढच्या फेरीत धाकटं बसवलं. लाइट पाडून, सगळं एकदम चालू ठेवून, पुन्हा मोजलं. बेरीज इन्व्हर्टरात बसली. तिच्या संध्याकाळी गेल्या त्या गेल्याच, पट्टी पुन्हा सावकाश सरकायला लागली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. दुसरा इन्व्हर्टर लावायचं बोलणं निघालं, तो यथावकाश येईलही. पण तोवर थांबायला वैशाली तयार नव्हती. निघताना तिनं मला अडवलं.

"भाऊ, आजून एक काम शे. मन्हा कॉम्प्युटरनी लाइन आप्पानी खोलीमाईन ल्या. आनि बटन त्यासना हातजोडे बसाडा."

मी म्हटलं, कशाला?

ती आप्पांकडे वळली, पण माझ्याशी बोलावं तसं मोठ्यानं बोलली. "इन्व्हर्टर कोकलना ना आप्पा, ते तुम्हनं बटन नही दाबानं. हाई दाबानं. मन्हं बंद करानं."

"तुन्हं काम बुडी जाई ना," आप्पा म्हणाले.

"बुडू द्या."

चालू कॉम्प्युटरची वीज अशी मध्येच तोडू नये, हे मी सगळ्या नंदुरबार जिल्ह्याला सांगत आलोय. त्यापायी गिऱ्हाइकांना झापलंय, शाळेतल्या मास्तरांशी भांडलोय. तरी ते बटन मी माझ्या हातानं बसवलं, पलंगाच्या उशाशी, आप्पांचा हात सहज पोचेल असं. ऑक्सिजनच्या मशीनची वायर मात्र मागे वळवून घेतली आणि मशीन भिंतीकडे सरकवलं, म्हणजे त्याच्या बटनापर्यंत जायला त्यांना उठावं लागेल.

ह्या दसऱ्याला मी प्रकाशाला गेलो होतो, सोनं द्यायला. वैशालीनं कॅमेऱ्याला, कॉम्प्युटरला झेंडू वाहिला होता. आप्पांच्या खोलीत गेलो तर त्या बटनालाही हळदकुंकू लागलेलं. आप्पांनीच लावायला सांगितलं होतं म्हणे.

मी शेजारी बसलो आणि विचारलं, "आप्पा, हे दाबावं लागलं का कधी?"

ते हसले. "एकदाव."

माझी बेरीज पुन्हा चुकली की काय? "इन्व्हर्टर बसला होता? दम लागला होता?"

"नही रे भाऊ. लाइट व्हती." त्यांनी दाराकडे पाहिलं, वैशाली जवळ नाही ना ते. "सकायपाईन बसेल व्हती ती. दोनदाव हाक मारी, आयकाले तयार नही. कानमा ते घाली ठेवस. तिनी भाकर थंडी व्हई ऱ्हायनी व्हती."

"आणि?"

"आनि काय, दाबी दिन्हं."

मी म्हटलं, "आप्पा, कॉम्प्युटर असा बंद करू नये. काम जातं."

"गयं ना," आप्पा म्हणाले. "पन जेवनी."